ज्वाळ उतरेपर्यंत

मंगळवारी रात्री बाचोने माझ्या बेकरीची काच फोडली.
दगड पिठाच्या पिंपात सापडला.
अजून ठेवलाय, पोत्यांवर वजन म्हणून.

बुधवारी पहाटे चारला तो दारात,
आजोबांनी कॉलर धरून आणलेला,
चौदा वर्षांचा, हनुवटी वर, कान लाल.
"पोलिसात द्या," म्हातारा म्हणाला.
मी म्हटलं, आधी लाकडं आत आणा.

कुताइसीत आमची भट्टी म्हणजे
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण.
नावेच्या आकाराची शोती आतल्या भिंतीला चिकटवायची,
त्यासाठी कंबरेतून वाकून
अर्धं अंग विस्तवावर टांगायचं.
एकतीस वर्षं टांगतेय.
डाव्या भुवईला केस नाहीत, ते त्यामुळे.

"का फोडलीस?" असं विचारलं नाही.
का विचारलं की पोरं वकील होतात.
म्हटलं, "लोकांची तळपायाची आग मस्तकात जाते.
तुझी कुठून निघते?"
तो बघतच राहिला. मग म्हणाला,
"कानातून. आधी कान तापतात.
मग दात आवळतात. मग हात माझे राहत नाहीत."
"कान आणि हात, यांच्यामध्ये किती वेळ जातो?"
"वेळ नसतोच."
"असतो. पुढच्या वेळी मोज."

लाकडं पेटली, ज्वाळा रांजणाबाहेर आल्या.
मी काही बोलायच्या आत
त्याने कणकेचा गोळा उचलला
आणि सगळा मंगळवार एकवटून भिंतीवर हाणला.
गोळा क्षणभर टिकला, सुटला,
निखाऱ्यांत पडला. करपट धूर.
वाटलं, निदान हलका तरी होईल पोरगा.
मलाही हेच शिकवलं होतं: उशी बडव, मोकळी हो.
पण कान आणखी लाल,
आणि दुसरा गोळा पहिल्याहून जोरात.

"थांब. भट्टी विझवायची नाहीये,
विझवली तर आज गल्ली उपाशी.
नुसती ज्वाळ उतरू दे. आच राहतेच."

बसलो पोत्यांवर. वीस मिनिटं,
कदाचित जास्त.
मी माझं सांगितलं:
नवऱ्याच्या तेराव्याला नव्हे, मयतीच्याच जेवणात
मी एका पाहुण्यावर ताट भिरकावलं,
कारण तो म्हणाला, पाव खारट झालाय.
पाव खारटच होता.

बाचो हसला नाही.
बुटाच्या टोकाने राख उकरत म्हणाला,
"आई ईस्टरला येत नाहीये.
इटलीत, बारीला, एका म्हातारीला सांभाळते.
म्हातारी पडली.
गेल्या वर्षीही पडली होती."
"मग तू काय म्हणालास?"
"बरं, म्हणालो."
"बरं?"
"बरं. फोन ठेवला, बाहेर पडलो.
तुमची काच पहिली दिसली."

तोवर भट्टीची भिंत काजळी टाकून
पांढरी झाली होती.
मी त्याचा मनगटाखालचा हात धरला,
तळवा उलगडला.
हाणायचं नाही, टेकवायचं.
जरा दाबून ठेवायचं, आणि मग सोडायचं.
चिकटली.
आकड्याने बाहेर काढली तेव्हा वाकडी,
एका टोकाला जळलेली.
आजोबांनी तेवढंच टोक मोडून खाल्लं,
पोलिसांचं नाव पुन्हा काढलं नाही.

रविवारी तो फोन घेऊन इथेच आला.
भट्टीच्या कडेवर एक हात ठेवून उभा.
ओठ हलत होते. मोजत होता.
"आई, मी चिडलोय. तुझ्यावर.
ओरडणार नाही.
पण या वेळी बरं म्हणणार नाही."

पलीकडे भांडी विसळल्याचा आवाज होता,
तो थांबला.
खूप वेळ काहीच नाही.
मग तिचा आवाज, लहान झालेला:
"थांब, दार लावून घेते.
आता सांग."

मी पोती मोजायला बाहेर गेले.
सात होती. पुन्हा मोजली.

काच अजून बसलेली नाही, पुठ्ठा लावलाय.
काचवाला सोमवारी येतो म्हणतो,
कुठल्या सोमवारी ते सांगत नाही.
आज सकाळी त्याचा फोन ठेवला,
तर माझेच कान तापलेले.